फक्त तळहात, दहा दिवस

मित्रांनो, शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत पोट सपाट झालेली, मी मलमाची एक जुनी ट्यूब आहे. नागपूरच्या लकडगंजातल्या एका घरात, कपाटातल्या स्टीलच्या डब्यात राहते. तुम्हाला पालीची, झुरळाची भीती वाटत असेल. मला माझी स्वतःचीच भीती वाटते.

मला आणलं ते नत्थूजींसाठी. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान. जन्मभर पितळ घासून त्यांच्या तळहातांची सालं निघत होती. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. औषधाच्या दुकानदाराने माझ्या शेपटीजवळ काळ्या पेनाने लिहून दिलं, ‘फक्त तळहात. दहा दिवस.’ माझ्यात जोरदार स्टेरॉइड आहे. कामाने जाड झालेल्या तळहाताला ते झेपतं. दहा दिवसांत हात बरे झाले.

"भल्ली गुणाची ट्यूब आहे गा!" नत्थूजी दुकानात येईल त्याला सांगायचे. मी फुशारून गेले होते.

पण नत्थूजी फार काटकसरी. जरासंही मलम वाया जाऊ नये म्हणून ते माझी शेपटी घट्ट गुंडाळायचे. त्या गुंडाळीत दुकानदाराची अक्षरंही गेली. मला ते कळलं होतं. पण ट्यूबला तोंड असलं तरी बोलता कुठे येतं?

त्यांची नात गुंजन सात वर्षांची. तिची कातडी मुळातच नाजूक. ऊन तापू लागलं की गालांवर लाल पुरळ उठायचं. एका सकाळी, नत्थूजी दुकानात गेल्यावर, तिच्या आईने, नत्थूजींच्या सुनेने, पुष्पलताने, मला डब्यातून काढलं. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, गुण आला, मग पोरीलाही येईल, असं तिला वाटलं. जाड तळहाताला झेपलं ते या गालांना झेपणार नव्हतं.

दोन दिवसांत गाल स्वच्छ झाले. आठवड्याने पुरळ परत आलं, पुन्हा मी. मग चार दिवसांनी, मग रोजच. दर वेळी लाली जास्त, कातडी आणखी पातळ. तिच्याखालच्या बारीक लाल शिरा मला जवळून दिसायच्या. एकदा तर पुष्पलताचं बोट थेट पापणीपाशी गेलं. मी जीव मुठीत धरला, आणि मला तर मूठही नाही.

मी संपत आले तेव्हा तिने मला नत्थूजींच्या हातात दिलं. "मामाजी, अशीच एक आणजा जी."

"काहून? माहे हात तर कवाचे बरे झाले."

"गुंजनच्या गालाले लावून राहिली मी."

नाव नीट वाचावं म्हणून नत्थूजींनी माझी गुंडाळी उलगडली. काळी अक्षरं बाहेर आली. त्यांनी ती वाचली. "बाप्पा! हे म्याच गुंडाळून ठेवलं होतं वं!"

त्याच दिवशी ते गुंजनला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मला बंद केलं, साधं मऊ मलम आणि सौम्य औषध दिलं. "आता काही दिवस गाल आधीपेक्षा जास्त पेटतील. घाबरून पुन्हा हे लावू नका. गरज वाटली तर लगेच माझ्याकडे या," असं बजावलं.

तसंच झालं. चौथ्या दिवशी दुपारी गुंजन आग आग म्हणून रडत होती. पुष्पलताला पाहवेना. तिने डबा उघडला, मला उचललं, टोपण फिरवलं. मित्रांनो, मी इतकी कधीच घाबरले नव्हते. तिचा अंगठा माझ्या शेपटीवर पडला आणि नजर अक्षरांवर. तिने टोपण घट्ट लावलं, मला खाली ठेवलं आणि ओला रुमाल घेऊन लेकीजवळ जाऊन बसली. रडत दोघीही होत्या.

महिने लागले. गाल आता पुष्कळ निवले आहेत.

मित्रांनो, एकाचं औषध दुसऱ्याला लावू नका. माझ्यासारखीची शेपटी गुंडाळण्याआधी तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. काल गुंजनने डबा उघडला, मला पाहिलं आणि दोन्ही गाल हातांनी झाकून मागे सरली. एके काळी मी कौतुकासाठी आसुसलेली असायचे. काल मात्र ती मला भ्यायली, आणि माझा जीव भांड्यात पडला.