टेकुली ठेवावी की फोडावी

आमच्या घरकाकूचा स्वतःचा असा एक खिळासुद्धा कुठल्या भिंतीत नव्हता. राहायची भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि घरमालकाची सक्त ताकीद होती की भिंतीला भोक पाडायचं नाही. पण दर शनिवारी पेपराच्या आतल्या पानावर ती अख्ख्या गावाला ऐटीत सांगायची, भिंतीची ओल कशी घालवावी, अंधाऱ्या खोलीला रंग कोणता द्यावा, चिमुकलं स्वयंपाकघर मोठं कसं दाखवावं. पानाचा वरचा अर्धा भाग जागांच्या बातम्यांचा, खालचा अर्धा सल्ल्यांचा. दोन्ही तीच लिहायची. बातम्यांना नाव नसे, सल्ल्यांखाली 'घरकाकू' अशी सही. तेव्हा तिचं वय काकू म्हणण्याइतकं काही झालं नव्हतं, पण संपादक म्हणाले होते, लोक सल्ला काकूचा ऐकतात, ताईला उलट चार गोष्टी शिकवतात.

तर त्या शनिवारी घोटाळा झाला. 'खिडकीखालची जागा वाया घालवू नका' असं लिहिता लिहिता तिच्या हातून पुढचं वाक्य निसटलं: 'तिथे छानशी टेकुली करून घ्या.' सोमवारपासून फोनवर फोन. टेकुली कुठल्या दुकानात मिळते? लाकडी चांगली की लोखंडी? एका गृहस्थांनी तर सुताराला टेकुली सांगूनही टाकली होती, आणि सुतार आता माप मागत होता.

शेजारच्या टेबलावरच्या जाहिरातवाल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "काकू, काय वस्तू काढलीत हो ही? बनवणारा कोण ते सांगा, अर्ध्या पानाची जाहिरात आणतो."

"चुकून गेलं. कट्टा म्हणायचं होतं."

"मग टेकुली म्हणजे?"

"काही नाही. आमच्या घरातला शब्द आहे."

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. 'आमचं घर' हे शब्द कित्येक वर्षांत तिच्या तोंडून बाहेर पडले नव्हते.

वडिलांनी तिच्या खोलीतल्या खिडकीखाली विटांचा रुंद कट्टा बांधून घेतला होता. वर गुळगुळीत फरशी, पाठीला भिंत, पाय पसरायला ऐसपैस जागा. टेकायची ती टेकुली, असं बारसं त्यांनीच केलं. अभ्यास टेकुलीवर, रुसवे टेकुलीवर, ताप आला की अंथरूणही टेकुलीवर. कॉलेजात जाईपर्यंत तिला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी टेकुली असते. पुढे नोकरीसाठी ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, वडील गेले, आणि दादाने ती खोली एका भाडेकरूला दिली. न विचारता. एका रविवारी ती घरी गेली तर तिची पुस्तकं, चित्रं, सगळं खोक्यांत भरून माळ्यावर, आणि टेकुलीवर कुणा परक्याचे कपडे वाळत घातलेले. ती भांडली नाही. उभ्याउभ्याच चहा प्यायली आणि निघाली ती निघालीच. दादाला वाटलं, कळवायला हवं होतं हे खरं, पण एवढं काय मनाला लावून घ्यायचं? हिला वाटलं, निदान एक फोन करेल. दोघंही एकाच बापाची, वाकायचं म्हटलं की पाठ धरते. भाडेकरू वर्षभरात निघून गेला. अबोला मात्र मुक्कामाला राहिला.

गुरुवारी दुपारी पुन्हा फोन वाजला.

"घरकाकू का?" बाईचा आवाज होता. "मी तुमची नेहमीची वाचक. जरा सल्ला हवा होता."

घरकाकूच्या हातातलं पेन थांबलं. वहिनीचा आवाज. तोच, प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरासा वर जाणारा. फोन ठेवून द्यावा असं वाटलं, आणि ठेवला तर पुन्हा ऐकू येणार नाही असंही वाटलं.

"बोला ना," ती घसा खाकरून म्हणाली. आवाज शक्य तितका काकूसारखा काढला.

"आम्हाला घर विकायचंय. तुमच्याच पानात वाचलं, आमच्या भागात रस्ता रुंद होतोय, भाव चढलेत, विकायची हीच वेळ. आमच्या ह्यांनी वाचलं आणि मनावरच घेतलं. जिने चढवत नाहीत आता. तळमजल्यावर काहीतरी छोटंसं बघू म्हणतात."

ती बातमी तिनेच लिहिली होती. मथळाही तिचाच, 'विकणाऱ्यांना सुगीचे दिवस'. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, आणि वर त्याला झकास मथळाही द्यावा, अशातली गत. लिहिताना आपला जुना रस्ता तिला आठवला नव्हता का? आठवला होता. पण दादा घर विकेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आपण गेलो नाही तरी घर तिथे असणारच, हे तिने इतकं गृहीत धरलं होतं की रुसवासुद्धा त्याच्याच भरवशावर चालला होता.

"मग, प्रश्न काय आहे?" तिने विचारलं.

"आमच्याकडे एका खोलीत टेकुली आहे. एजंट म्हणतो फोडून टाका, खोली मोठी दिसेल. ठेवावी की फोडावी?"

आता टेकुली म्हणायला काय, त्या आठवड्यात अर्धं गाव म्हणत होतं. घरकाकूने जपून विचारलं, "अलीकडेच करून घेतलीत का?"

"छे हो. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची आहे."

म्हणजे ओळखलंय. की नाही? वहिनीचा काही नेम नाही, ती साळसूदपणे बोलायला लागली की भल्याभल्यांना पत्ता लागत नाही. घरकाकूने ठरवलं, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं. आणि तिने नेहमीचा सल्ला सुरू केला. घर विकताना आपल्या खुणा काढून टाकाव्यात. भिंती पांढऱ्या कराव्यात, फोटो उतरवावेत, जुनं सामान हलवावं. घेणाऱ्याला तिथे स्वतःचं घर दिसलं पाहिजे, तुमचं नाही. हे सगळं तिने पन्नास जणांना सांगितलं असेल, पण आज प्रत्येक वाक्यात तिला स्वतःचीच खोली दिसत होती.

"सामानाचंच तर अडलंय," वहिनी म्हणाली. "खोकी आहेत माळ्यावर. माझ्या वन्संची."

"मग त्यांना विचारा."

"विचारायचं कुणी? हे म्हणतात, तिला गरज असेल तर ती विचारेल. ती म्हणत असेल, चूक त्याची, त्याने विचारावं. मधल्यामध्ये माझं सँडविच. कधी वाटतं, दोघांना समोरासमोर बसवून चांगलं फैलावर घ्यावं. तुमच्या बघण्यात आहेत का हो काकू अशी माणसं?"

"असतात," घरकाकू म्हणाली.

"माणसं तशी चांगली असतात का?"

"वेडी असतात. आठवण रोज येते आणि पाऊल उचलत नाही." हे तिने काकूच्या आवाजात म्हणायला घेतलं होतं. संपेपर्यंत आवाज तिचा स्वतःचा झाला होता.

वहिनी नेहमीच्याच सुरात म्हणाली, "उद्यापासून लोक बघायला येणार आहेत. एजंट घेऊन येणार. कुणीही येईल, चपला काढेल न काढेल, कपाटं उघडून बघेल, नळ सोडून बघेल, टेकुलीवर बसूनही बघेल. आपण हसून चहा विचारायचा. जिचं आहे तीच तेवढी बघायला आलेली नाही, याचं वाईट वाटतं हो मला. बाकी माझं काही म्हणणं नाही."

जाहिरातवाला मान वर करून बघत होता. घरकाकूने खुर्ची भिंतीकडे वळवली. डोळे भरून आले होते आणि तिला ते पुसायचेही नव्हते. तिला ती खोली हवी होती, मालकीची नको, तिचे पैसे नकोत, फक्त खिडकीतून आत येणारा उजेड आणि पाठीला ती भिंत. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरांना खिडक्या सुचवताना तिच्या डोळ्यांसमोर तीच एक खिडकी असायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला फारसे दिवस उरले नव्हते.

"वहिनी," ती म्हणाली.

काकूचा आवाज तिने आता सोडूनच दिला.

"वहिनी, घर बघायला यायचं असेल तर एजंटला सांगून यावं लागतं का?"

फोनमध्ये कुजबुज झाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी खाकरलं, आणि ते खाकरणं तिने जगात कुठेही ओळखलं असतं.

"मगाचपासून इथेच बसलोय," दादा म्हणाला. "शनिवारी टेकुली वाचली तेव्हाच कळलं, काकू कोण ते. चार दिवस फोन हातात घेतोय आणि ठेवतोय. शेवटी हिने लावला."

"दादा..."

"तुला न विचारता खोली दिली. चुकलं माझं. आता घरही न विचारता दिलं असतं, तर मला जन्मभर झोप लागली नसती." तो पुन्हा खाकरला. "आणि बघायला कशाला येतेस? बघायला परकी माणसं येतात. तू राहायला ये. आहे तोवर ये."

पुढचं तिला काही ऐकू आलं नाही. ती नुसती येते, येते म्हणत राहिली, फोन ठेवल्यावरसुद्धा.