पाखंगबा केवढा होता

शुक्रवारी सकाळी आखाती देशातल्या अल हिलाल वस्तीत व्हिलाच्या पायरीवर साप निघाला. चपलेच्या बंदाएवढा, वाळूच्याच रंगाचा. वॉचमन अबूबकर झाडू उगारून धावला.

"मॅडम, एक फटका, खलास!"

"हात लावशील तर याद राख," नयना ओरडली. नाशिकच्या माहेरी नागपंचमीला भाजीसुद्धा चिरत नसत. तिने लांबूनच हळदकुंकू उधळलं, हात जोडले आणि अबूबकरला साप बादलीत घालून दूर वाळवंटात सोडायला पाठवलं. पुण्य पदरी पडलं, असंच तिला वाटलं.

दुपारी वरच्या मजल्यावरची मेम्चा ड्यूटीवरून परतली. मेम्चा मणिपूरची, मैतेई, इथे नर्स. नयनाने हौसेने सगळं सांगितलं, तशी ती जिन्याच्या दोन पायऱ्या परत खाली आली.

"दीदी, घालवून दिलंत त्याला?"

मग तिने आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं. पाखंगबा त्यांचा देव. शिंगांचा ड्रॅगन, त्यांचा मूळपुरुष. माणसांत येतो तो सापाच्या रूपाने. आला की कापड अंथरून त्यावर बसवायचं, निरोप द्यायचा नाही. गावी दंगलीत घर पेटलं तेव्हा भिंतीवरचं त्याचं चित्र तसंच टाकून तिची आई जीव घेऊन पळाली होती. तेव्हापासून निर्वासितांच्या छावणीत ती एकच घोकत होती: त्याला आगीत सोडून आले, तो मला माफ करील का?

मेम्चाने आईला फोन लावला. म्हातारीने घाईघाईने काहीतरी विचारलं.

"आई विचारते, केवढा होता?"

देव तर हातचा गेलाच. निदान थोर होता एवढं तरी समाधान म्हातारीला मिळू दे, असं नयनाच्या मनात आलं.

"भला मोठा! मनगटाएवढा जाड. असा मी जन्मात पाहिला नव्हता."

मेम्चाने ते सांगितलं. पलीकडून हुंदका ऐकू आला.

"काय झालं गं?"

"दीदी, तो प्रसन्न असला की एवढासा होतो. रागावला की वाढतो."

"अगं, नाही! खोटं बोलले मी. एवढुसाच होता. अबूबकरला विचार हवं तर!"

मेम्चाने तेही सांगितलं. पलीकडून म्हातारी हळू आवाजात काहीतरी बोलली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, शेजारीण मायाळू आहे तुझी." मेम्चाने फोन खाली ठेवला. "म्हणते, मला बरं वाटावं म्हणून ती आता लहान सांगते आहे."