माझ्या मोडक्या शिंगाची शार्क

मी म्हैस बोलतेय. चार पायांची, शेपटीची, दोन वेळा दूध देणारी म्हैस! हे आधीच सांगून टाकते, कारण नांदूरघाटाजवळच्या आमच्या गावाला त्या उन्हाळ्यात एवढ्या साध्या गोष्टीचाही विसर पडला होता.

माझा जन्म सटवाच्या गोठ्यातला. आई लवकर गेली, म्हणून त्यानं मला बाटलीनं दूध पाजलं आणि नाव ठेवलं चिमणी. या अंगाला चिमणी! पण तो हाक मारतो आणि मी ओ देते, करणार काय? लहानपणी, वगार असताना बाभळीच्या बेचक्यात अडकून माझं डावं शिंग मोडलं. बाकीच्या म्हशींची शिंगं पाठीकडे वळलेली. माझा तेवढा काळा, टोकदार खुंट वर उभा.

उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही तलावात डुंबायचो आणि पलीकडे गावची माणसं पोहायची. कुणाचं कुणाला काही नव्हतं.

मग दुकानदार मन्मथप्पाच्या माडीवर ती मोठी छत्री आली आणि टीव्हीवर जगभरातलं दिसायला लागलं. एका संध्याकाळी परदेशातला समुद्रकिनारा दाखवला. पोहणारी माणसं, पाण्यावर काळा त्रिकोण, आणि एकच पळापळ. अख्खं गाव डोळे फाडून बघत होतं. दुसऱ्या दिवशी मन्मथप्पानं पाण्यातून डोकं वर काढलं, तर समोर माझं शिंग.

"शार्क! पळा बे, शार्क आली!"

मीही घाबरले आणि बुडी मारली. मग तर सगळ्यांची खात्रीच पटली.

झाडाखाली झोपलेला सटवा उठून आला. "समुद्राचा मासा हितं कावून येईल, आप्पा?"

"पुराबरुबर चढून आलाय. टीव्हीवाले खोटं दावत्यात व्हय बे?"

पंचायतीनं फलक लावला. पोहणं बंद, जनावरं पाण्यात सोडणंही बंद. शार्क खाईल म्हणे! म्हणजे मला माझ्यापासूनच वाचवायला उन्हात बांधलं. असल्या शहाण्यांपुढे कपाळ तरी किती आपटावं?

सटवा घागरीनं पाठीवर पाणी ओतायचा; ते घटकाभरात वाळायचं. कातडी तडकली, वैरण गोड लागेना, दूध तांब्याभरावर आलं. शेवटी त्याची बायको अंजना म्हणाली, "नेकनूरच्या बाजारात न्या तिला. डोळ्यांदेखत मरंल, त्यापरीस बरं." बाजाराच्या दिवशी सकाळी सटवानं माझ्या शिंगांना तेल चोळलं. मोडक्याला जरा जास्तच.

वाट तलावाच्या कडेनं जाते. पाण्याचा वास आला आणि मी कासऱ्याला हिसडा देऊन सरळ आत शिरले.

"म्हस गेली! शार्क खाती आता!" मन्मथप्पा हातातला लोटा टाकून पळाला. गावाचं ऐकून ऐकून सटवाही त्या पाण्याला लई भ्यायला लागला होता. तरी धोतरासकट त्यानं उडी घेतली. मी सुखानं पाण्याखाली, वर फक्त शिंग.

"सोड! माज्या चिमणीला सोड!" असं ओरडत त्यानं दोन्ही हातांनी शार्कच धरली.

त्याच्या हाताला तेल लागलं.

मी डोकं वर काढलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तूच व्हय गं, चिमणे?" म्हणाला, आणि माझ्या मानेला मिठी मारून हसता हसता रडला. भोळं माणूस! पण त्या घडीला मला त्याचा अभिमान वाटला, अजून वाटतो.

बाजार राहिला. मी रोज डुंबते, दुधाची चरवी पुन्हा भरते. पण गावाचं काय सांगू? सटवानं दहांदा खरं सांगितलं, तरी मन्मथप्पा गिऱ्हाइकांना सांगतोच, की सटवानं शार्क नुसत्या हातांनी हाकलली. फलक तसाच आहे. बाकीच्या म्हशी अजून उन्हात बांधलेल्या आहेत.

म्हणून विनवते, बाबांनो, पाण्यात काही काळं दिसलं तर पळण्याआधी एकदा 'चिमणे' म्हणून हाक मारा. शार्क काही ओ देणार नाही.