उजवी नाकपुडी

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो असं कारखान्यात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. त्याच नाकावर त्यांचा साबण खपतो. अकरा वर्षं झाली, साबणाला कुठला वास आणि किती, हे मी ठरवते. कागदाची पट्टी सुगंधी तेलात बुडवायची, झटकायची, नाकाखाली धरायची आणि डोळे मिटायचे. मग मी तिथे नसतेच. नुकत्याच कापलेल्या गवतावरून चालत असते, नाहीतर कुणाच्या तरी ओल्या केसांच्या मागे मागे जात असते. नमुन्याची एक वडी पाडून तिचाही वास घ्यायचा, आणि मग चिठ्ठीवर आकडा लिहायचा: किलोमागे इतके ग्रॅम. चिठ्ठी खाली तोलणाऱ्या काकांकडे जाते. ते तेल तोलून घालतात, वड्या पडतात, फळ्यांवर सुकायला लागतात. सुकलेल्या वडीचा वास मला नेहमी जरा उतरलेलाच वाटायचा. सुकताना वास उडतो, असं मी नव्या मुलींना ठासून शिकवायचे आणि त्या बिचाऱ्या वहीत लिहून घ्यायच्या.

पट्टी मी धरायचे डाव्या नाकपुडीखाली, मान किंचित कलती करून. कधीपासून ते आठवत नाही. माझं बघून मुलीही तशाच धरायला लागल्या. बाहेरच्या कुणी दारातून डोकावलं तर त्याला वाटावं, सगळ्यांची मान एकदमच आखडलीय.

त्या वर्षी माझी सर्दी हटायचं नावच घेईना. तोंड उघडं टाकून झोपायचे, सकाळी घसा कोरडा ठणठणीत, आणि दिवसभर जागी असूनही कुठेतरी अर्धवट झोपेत. आणि एका दुपारी पट्टी नाकाखाली धरली, डोळे मिटले, आणि मी कुठेच गेले नाही. पट्टी बदलली. तेल बदललं. डोळ्यांपुढे नुसता अंधार.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान होत्या. मी आत जाताच सांगून टाकलं, "माझ्या नाकाचं हाड वाढलंय."

"इथे येणारे सगळे हेच सांगतात," त्या म्हणाल्या. "हाडबीड काही वाढत नसतं हो. बसा."

त्यांनी एक गार, चकचकीत धातूची पट्टी माझ्या नाकाखाली धरली आणि श्वास सोडायला सांगितला. पट्टीवर डाव्या बाजूला वाफेचा छोटा ढग उमटला आणि हळूहळू विरला. उजव्या बाजूला काहीच नाही, नुसती चकाकी. मी कितीतरी वेळ त्या कोऱ्या बाजूकडे बघत राहिले. तिथे माझा श्वास असायला हवा होता.

"दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक पडदा असतो," बाई सांगू लागल्या. "पुढे लवचीक कूर्चा, मागे हाड. थोडाफार वाकडा तो बहुतेकांचा असतोच, आणि त्रास नसेल तर आम्ही हातही लावत नाही. तुमचा मात्र उजवीकडे चांगलाच कललाय. लहानपणी पडला होतात का?"

"झोपाळ्यावरून. तोंडावर."

"मग तेव्हापासूनचं असणार. स्प्रेनं आतली सूज उतरते, पडदा काही सरळ होत नाही. तुम्ही काम काय करता?"

मी सांगितलं. त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही एकाच बाजूनं वास घेताय?"

असा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. रागच आला मला.

ऑपरेशन आतून होतं, बाहेर टाका नाही, चेहरा होता तसाच राहतो, असं त्यांनी समजावलं. आतलं अस्तर उचलायचं, वाकडा भाग सरळ करायचा, फारच आडमुठा असेल तेवढा काढून टाकायचा. मला ते सगळं पटलं. पण मला विचारायचं होतं ते वेगळंच.

"आणि वास?"

"काही आठवडे जाईल. बहुतेकांचा परत येतो, सुधारतोसुद्धा. अगदी थोड्यांचा येत नाही. तुम्हाला खोटं नाही सांगणार."

घरी आल्यावर हे म्हणाले, "अगं, नीट झोप तरी लागेल तुला. करून टाक."

"आणि वास आलाच नाही तर? कारखान्यात काय फरशा पुसू?" मी ओरडले. ह्यांनी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला. मी घाबरले की ओरडते, हे त्यांना बावीस वर्षांच्या संसारात कळून चुकलंय. मी खरंच घाबरले होते. वास गेला तर माझ्यातलं काय उरेल, हे मला सांगता येत नव्हतं. पण न करून तरी तो कुठे राहणार होता?

भूल दिली तेव्हा डॉक्टरीणबाई मला उलटे आकडे मोजायला सांगत होत्या. सात म्हणेपर्यंत मी एका लांबलचक घरात शिरले. पायाखाली ऊन पडलं होतं. कुणीतरी आत फर्निचर सरकवत होतं, अगदी सावकाश, कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं. मला विचारायचं होतं, कुठे ठेवताय ते, पण तोंडातून शब्दांऐवजी पांढऱ्या वाफेचे ढग निघत होते आणि ते बघायला इतकं छान वाटत होतं की मी विचारायचं सोडून दिलं.

जाग आली तेव्हा नाकात दोन मऊ पट्ट्या बसवलेल्या होत्या, पडदा सरळ राहावा म्हणून. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, मिठाच्या पाण्यानं धुवायचं. तो आठवडा मी तोंडानं श्वास घेत, उशा उंच करून, छताकडे बघत काढला. दिवस एकातून दुसऱ्यात कधी मिसळायचा ते कळायचं नाही. खाणं म्हणजे नुसतं गरम नाहीतर गार. स्वप्नं पडायची तीही बिनवासाची. एका स्वप्नात मी फुलांच्या दुकानात उभी होते आणि सगळी फुलं कागदाची आहेत हे मला एकटीलाच माहीत होतं.

पट्ट्या काढल्या तेव्हा वारा आत शिरला. दोन्हीकडून! थेट कपाळापर्यंत गार गार. इतकी हवा असते जगात? मी खुर्चीत बसून रडले. पण त्या हवेला वास नव्हता.

तीन आठवडे नव्हता. ह्यांनी नाना उपाय केले. बुटाचं पॉलिश, कांदा, पेनातली शाई, जे दिसेल ते आणून माझ्या नाकाखाली धरायचे आणि आशेनं माझ्या तोंडाकडे बघायचे. एकदा तर स्वतःचा मोजा आणला. त्याचाही वास येईना तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. कारखान्यातून मुलींचे फोन यायचे, मी उचलायचे नाही.

मग एका पहाटे, अजून पुरती जागी नव्हते, उजवीकडून काहीतरी आलं. उबदार, किंचित खारट, इस्त्री केलेल्या कापडासारखं. मी डोळे मिटूनच त्याच्या मागे गेले आणि माझं नाक ह्यांच्या मानेला लागलं. हे माझ्या उजव्या हाताला झोपतात, पहिल्यापासून. तो वास मला नवा होता. मी तशीच पडून राहिले. हलले तर तो जाईल असं वाटत होतं.

सहा आठवड्यांनी मी कामावर गेले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. पहिली पट्टी धरली, आणि गवत, पाणी, लिंबाची साल, सगळं दोन्ही बाजूंनी उघडत गेलं. मग आमच्या हिरव्या साबणाच्या नमुन्याची वडी पाडली. आकडा माझाच जुना, किलोमागे बारा ग्रॅम. वडी नाकाशी नेली आणि मागे सरकले. केवढा तो भडक वास! डोकं भणभणलं. मला वाटलं, नाक अजून ताळ्यावर आलं नाही. फळीवरची सुकलेली वडी घेतली, तीही बारा ग्रॅमचीच. तिचा वास हळुवार होता, मला हवा होता तसाच. नुकतीच पडलेली, अजून ऊन असलेली वडी मागवली. तीही तशीच. सुकताना वास उडत नव्हता. तो मुळात तेवढाच होता.

मी जिना उतरून काकांकडे गेले. ते काट्यापाशी बसले होते. नमुन्याची आणि फळीवरची, दोन्ही वड्या मी त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा काढला.

"किती घालता?" मी विचारलं.

"आठ."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून, बाई. पहिल्या बॅचला बारा घातलं तर वड्या कागदात बांधणाऱ्या बायका डोकं धरून बसल्या. मग कमी कमी करत आठवर आणलं. मालकांना वाटायचं, तुम्ही काटकसरी."

"आणि मला सांगितलं नाहीत?" माझा आवाज चढला. "अकरा वर्षं मी मुलींना काय वाटेल ते शिकवत बसले!"

"सांगितलं असतं तर तुम्ही पट्टी पुन्हा हातात धरली असतीत का?" काका म्हणाले. "आणि तुमचं चुकत होतं कुठे? कुठलाही साबण असो, आकडा नेमका तेवढ्याच पटीनं जास्त. दहा मिनिटं पुढे असलेल्या घड्याळावर माणूस वेळेत पोचतोच की."

मला त्यांना खूप बोलायचं होतं. मानभावीपणा म्हणायचं होतं, फसवणूक म्हणायचं होतं. पण मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसले. ज्या नाकाचा मी तोरा मिरवला, ते अकरा वर्षं ह्या माणसानं झाकून नेलं होतं, आणि त्याचा एक शब्द कधी बाहेर गेला नव्हता.

काका चष्मा पुसत बसले होते. "आता मी काय करू, बाई?" त्यांनी हळूच विचारलं. "तुम्ही लिहाल त्यातून किती वजा करू?"

मी त्यांच्याच टेबलावरची चिठ्ठी ओढली. हिरवा साबण, किलोमागे आठ, असं लिहून खाली सही केली. काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग भांडं काट्यावर ठेवलं आणि माझ्यादेखत, चिठ्ठीवर होतं तेवढंच तेल तोललं.