कोरं पाकीट

“नेओमी, ते पत्र गेलं,” मी म्हणाले.

नेओमी आमची वकील आणि ऑफिसची मुख्यही. ती फोनवर होती. तिनं हातानंच थांब म्हणून सांगितलं, पण मी काही थांबले नाही. खणातलं पाकीट आणून तिच्यापुढे आपटलं. पांढरं, साधं, वर काहीही न छापलेलं. पत्ता माझ्या अक्षरात: आर. हॉगन, पोस्टाचा डबा क्रमांक ११४, व्हेलबी, मिनेसोटा.

तिनं फोन ठेवला. “पाकीट इथं आहे म्हणजे पत्र गेलं नाही ना?”

“पाकीट इथं आहे, पत्र गेलं. नव्या पाकिटातून, काल संध्याकाळच्या टपालानं.”

तिचा चेहरा उतरला. माझा तर सकाळीच उतरला होता.

नवी पाकिटं त्याच आठवड्यात आली होती. डाव्या कोपऱ्यात जांभळ्या अक्षरांत, आंधळ्यालाही दिसेल असं: ‘समलिंगी हक्क कायदा मंडळ, मिनिआपोलिस’. ती मिस्टर विटलॉक यांची देणगी. त्यांचा छापखाना होता आणि आमच्या ऑफिसचं दोन वर्षांचं भाडंही त्यांनीच भरलं होतं. “लपण्याचे दिवस संपले, वर्ना,” खोकी उतरवून घेताना ते मला म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण स्वतःचा छापखाना असला की लपण्याचे दिवस जरा लवकर संपतात.

देणगी देणाऱ्यांपैकी एक्केचाळीस जणांना कोरं पाकीट लागायचं. कोणी शाळेत, कोणी चर्चमध्ये, कोणी बायकोच्या घरात. त्यांची पाकिटं मी हातानं लिहायचे आणि छापील लेबलांच्या तावावरून त्यांची लेबलं फाडून टाकायचे. सहा वर्षांत एकदाही चूक नाही. त्या सोमवारी चाळीस लेबलं फाडली.

हॉगन दर महिन्याला दहा डॉलर पाठवायचे आणि सोबतच्या चिठ्ठीवर एक ओळ असायची. ‘रस्त्यावर बर्फ, शाळेची बस चाळीस मिनिटं उशिरा, मुलं खूश.’ ‘आईचं नव्वदावं सरलं, कानानं ऐकू येत नाही पण जे कळू नये ते कळतं.’ पोच पाठवताना मीही खाली एक ओळ लिहायचे. माझ्या गुडघ्याबद्दल, नाहीतर करपलेल्या केकबद्दल. हॉगन पुरुष की बाई हे मला माहीत नव्हतं. शाळेची बस चालवतात, एवढंच ठाऊक. आणि शाळेची बस चालवणाऱ्याच्या डब्यात तसलं पाकीट सापडलं तर गाव काय करील, हे सांगायला वकील लागत नाही.

“फोन करू या का?” नेओमी म्हणाली.

“कोणाला? घरी आई आहे. पोस्टात करून काय सांगू, अमक्याचं पत्र कोणाला दाखवू नका? त्यापेक्षा दवंडीच पिटू या.”

“मग?”

“टपाल उद्या सकाळी पोचतं. मी जाते.”

“वर्ना, बाहेर उणे अठरा आहे.”

“मी नॉर्थ डकोटात वाढलेय बाई,” मी म्हणाले. “मला थंडीचं सांगू नकोस.”

बुधवारी पहाटेची बस धरली. चार तास खिडकीबाहेर पांढरी शेतं. व्हेलबीत उतरले तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पोस्ट समोरच होतं. मी पायऱ्या चढत असताना उंच, टोपीवाले एक गृहस्थ बाहेर पडत होते. मी आत जाईपर्यंत दार धरून उभे राहिले. “सांभाळून, पायरी निसरडी आहे,” म्हणाले. मी आभार मानले.

आत गेले. डबे जुन्या पद्धतीचे होते, पितळी दारांचे, आणि प्रत्येक दाराला छोटीशी काच. माझ्या खांद्याच्या उंचीवर एकशे चौदा. काचेला चिकटून आमचं पाकीट उभं, आणि जांभळी अक्षरं अशी दिसत होती की जणू कोणी मुद्दाम मांडून ठेवलीत.

पत्र काढता येत नव्हतं, दुसऱ्याच्या टपालाला हात लावणं गुन्हा. मागताही येत नव्हतं. मी काय करावं? मी वळले आणि त्या डब्याला पाठ लावून उभी राहिले. देवानं मला पाठ रुंद दिली आहे. एकसष्ट वर्षांत ती पहिल्यांदाच कामाला आली.

खिडकीतून पोस्टमास्तरीण बघत होती. किडकिडीत, करड्या अंबाड्याची, गळ्यात क्रूस. पाटीवर नाव होतं, अ‍ॅडलीन फॉस. मी मनात म्हटलं, झालं, ही चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी दिसते.

“काही हवंय का?”

“बसची वाट बघतेय.”

“बस अडीचला आहे.”

“हो ना.”

“तिथं खुर्ची आहे.”

“पाठ दुखते माझी. टेकून उभं राहिलं की बरं वाटतं.”

मग लोक यायला लागले. लहान गावात टपाल हे निमित्त असतं. जो येई तो माझ्याकडे बघे, आणि मी त्याच्याकडे. हा हॉगन असेल का? ती असेल का? लाल स्वेटरवाली एक बाई येऊन माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा माझा जीव टांगणीला लागला, पण तिला हवा होता शेजारचा, एकशे तेरा.

“जरा सरकता का?”

मी चार बोटं सरकले.

“आणखी जरा.”

“आणखी सरकले तर पाठ धरेल हो.”

“कोणाकडे आलात?”

“कोणाकडे नाही. बस बदलायची आहे.”

“व्हेलबीत?” ती हसली. “व्हेलबीत बस बदलायला आलेला माणूस मी आज पहिल्यांदा बघतेय.” पण बाई मायाळू होती. पिशवीतून खजुराची वडी काढून तिनं मला दिली आणि घ्यायलाच लावली. एका हातात वडी, दुसऱ्या हातात पर्स, पाठीला पितळ, अशी मी उभी. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारीचं डोकं फिरलंय.

अकरा वाजता पाय भरून आले. मला माझा मुलगा आठवला. आठवायला नको होता, पण उभं राहिलं की माणसाला नको तेच आठवतं. अँडर्स एकोणीस वर्षांचा असताना त्याला एक पत्र आलं होतं. पाकिटाच्या पाठीमागे मित्राचं नाव, आणि नावाखाली त्या मित्रानं वेड्यासारखं काहीतरी प्रेमाचं लिहिलेलं. मी ते वाचलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तसंच ठेवलं. नवरा पाच वाजता घरी यायचा, हे मला ठाऊक होतं. मी उचलून ठेवू शकले असते. ठेवलं नाही. काय होतं ते बघू, असा काहीतरी दुष्टपणा तेव्हा माझ्या मनात होता, तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. अँडर्स त्याच रात्री गेला. नाताळला कार्ड येतं. त्यावर परतीचा पत्ता नसतो.

साडेअकराला पोस्ट रिकामं झालं. तेवढ्यात माझ्या पाठीमागे, डब्याच्या आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मग अ‍ॅडलीन खिडकीत आली. चष्मा काढून पुसत म्हणाली, “बाई, आता बसलात तरी चालेल.”

मी वळून पाहिलं. एकशे चौदाच्या काचेत लालबुंद टोमॅटो होते. फेब्रुवारीत बियाण्यांचे कॅटलॉग येतात, त्यातला एक तिनं मागच्या बाजूनं आमच्या पाकिटापुढे सरकवला होता.

मी खुर्चीत बसले ती पडलेच म्हणा. डोळ्यांत पाणी आलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“दीड तास एकाच डब्याला टेकून कोणाची पाठ बरी होते?” ती म्हणाली. “या गावात कोणाला काय येतं ते मला तीस वर्षं ठाऊक आहे. ते या खिडकीच्या बाहेर जात नाही. तुमच्या ऑफिसात सांगा, छापताना जरा डोकं वापरा.”

“आधीच का नाही झाकलंत?”

तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “सकाळी घाईत डबे भरले. वाचलं ते तुम्हाला तिथं उभं पाहिल्यावर, मागून जाऊन. आणि लोक असताना डब्यात हात घातला असता तर लोकांनी डबाच पाहिला असता.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुमच्या आधी एकच माणूस येऊन गेला. लुंडे. एकशे बारा त्यांचा.”

“टोपीवाले? दार धरणारे?”

“हो. शाळेच्या मंडळावर आहेत.”

खजुराची वडी माझ्या हातात तशीच होती.

एक वाजता हॉगन आले. पुरुष होते, साठीचे, खांद्यात वाकलेले, हात मोठे. बालवाडीच्या मुलांना घरी सोडून आले असावेत, कारण बाहेर पिवळी बस उभी होती. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, अनोळखी बाईला हलवतात तशी.

“रोल्फ, तुझा बियाण्यांचा कॅटलॉग आलाय,” अ‍ॅडलीन म्हणाली.

“मी कुठे मागवला होता?”

“आलाय म्हटलं ना. इथं उघडू नकोस. घरी जाऊन बघ.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग डबा उघडला, कॅटलॉग तसाच घडी करून कोटाच्या आत घातला आणि बटणं लावली. मला उठून सांगायचं होतं, मी वर्ना, केक करपवणारी. पण लाल स्वेटरवाली परत आली होती, पोस्टाची तिकिटं घ्यायला विसरली म्हणून. मी खुर्चीत बसून राहिले. काचेतून मला दिसलं, ते बसच्या स्टिअरिंगमागे बसले आणि बराच वेळ बस सुरूच झाली नाही.

मार्चचे दहा डॉलर आले नाहीत, पाच आले. चिठ्ठीवर ओळ होती: ‘वीस वर्षं, एकही अपघात नाही, तरी शाळेनं बस काढून घेतली. कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. हवा बरी आहे.’

मी चिठ्ठी घेऊन नेओमीकडे गेले. तिनं दोनदा वाचली आणि उभीच राहिली. “वीस वर्षं बस चालवणारा माणूस, एकही अपघात नाही, आणि कारण नाही. वर्ना, हीच तर केस. राज्यात कायदा नाही म्हणून तर हवी. फक्त त्यांनी समोर यायला हवं. नाव द्यायला हवं.”

“नावच तर देत नाहीत ते.”

“विचारून तर बघू.”

तिनं पत्र लिहिलं, सविस्तर, एक पैसा न घेता लढू म्हणून. ते मी कोऱ्या पाकिटात घातलं. पाकिटाची तीनदा खात्री केली. आत घालण्याआधी पत्राखाली माझी ओळ लिहिली होती, सहा वर्षांतली सगळ्यात लांब: ‘चूक माझी होती, ऑफिसची नाही. खुर्चीत बसलेली बाई मीच. मला माफ करा असं म्हणायचीही लाज वाटते.’

उत्तर यायला तीन आठवडे लागले. या वेळी चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या.

‘वकीलबाईंना नमस्कार सांगा. आई आहे तोवर माझं नाव कोर्टात नको. केस दुसऱ्या कुणाची लढा, पैसे त्यासाठीच आहेत. खुर्चीतली बाई आठवते. तुमच्या कोटाला पाठीमागे काळं लागलं होतं, अ‍ॅडलीन बुधवारी पितळेला पॉलिश लावते. सांगायचं राहून गेलं. तिनं मला नंतर सगळं सांगितलं. इतका वेळ माझ्यासाठी कोणी उभं राहिलं नव्हतं. आता पोच पाठवू नका. पत्रच नको. आर. हॉगन.’

कोट मी खुंटीवरून काढून पाहिला. खरंच होतं. दोन महिने मी तसाच घालून फिरत होते आणि कोणी सांगितलं नव्हतं.

नेओमीनं ती केस सोडली. पुढच्या वर्षी दुसरी मिळाली, एका नर्सची. तिनं नाव दिलं, ती लढली, आणि त्या केससाठी ठेवलेल्या जेवणाला मिस्टर विटलॉक यांनी भाषण केलं. जांभळी पाकिटं मी त्यांच्यादेखत वापरते. एक्केचाळीस लेबलं मोजून फाडते, मग पुन्हा मोजते.

व्हेलबीचे पाच डॉलर अजून दर महिन्याला येतात. चिठ्ठीवर ओळ नसते. मी पोच लिहिते, खाली हवेबद्दल चार शब्द लिहिते, कोऱ्या पाकिटावर पत्ता घालते आणि तिकीट न लावता खालच्या खणात ठेवते. तो खण आता उघडताना अडतो.