तिळाएवढा जीव

"ठोका दिसत नाही," डॉक्टर इफ्फत म्हणाल्या आणि पोटावर फिरणारं ते गार यंत्र त्यांनी एका जागी थांबवलं.

सोनोग्राफीसाठी म्हणून सणसरहून बारामतीला येईस्तोवर संस्कृती एसटीत दोन बाटल्या पाणी प्यायली होती. पोट तट्ट फुगलं होतं. पडद्यावर एक काळी पिशवी होती आणि पिशवीच्या कडेला पांढुरका ठिपका, तिळाएवढा.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

उत्तर सासूनं दिलं. विजयमालाबाईंना सुनेच्या तारखा तोंडपाठ होत्या, आणि त्यात नवल काहीच नव्हतं. त्यांच्या घरात सून दर महिन्याला चार दिवस पडवीत बाजूला बसायची, तिला कुणी शिवायचं नाही. अशा घरात तारीख आळीतल्या कुत्र्यालासुद्धा कळते.

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी," त्या म्हणाल्या. "काळ्या दगडावरची रेघ समजा."

"मग दोन महिने उलटून गेले की. एव्हाना हातापायांचे कोंब फुटायला हवे होते. आणि ठोका तर त्याच्याही आधी. पहिल्यांदा काळीज चालू होतं, बाकीचं अंग मागून येतं." डॉक्टरांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "इथं वाढ मध्येच थांबलेली दिसतेय."

संस्कृती हबकली. कारण ती तारीख चुकीची आहे, हे त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

लग्नाला तीन वर्षं झाली तरी घरात पाळणा हलेना, म्हणून विजयमालाबाईंनी खंडोबाचं जागरण घालायचं ठरवलं होतं. सुनेची अडचण मध्ये यायला नको म्हणून त्यांनी बोटांवर मोजून पाळीच्या आठवडाभर आधीचा दिवस धरला. पण शरीर काही सासूबाईंच्या बोटांवर चालत नाही. जागरणाच्या सकाळीच संस्कृतीला पाळी आली, चांगली आठवडाभर आधी. दारात मांडव पडलेला, नवऱ्याच्या कारखान्यातली माणसं भवानीनगरहून जेवायला यायची होती, वाघ्या-मुरळी येऊन टेकले होते. तिनं सांगायला तोंड उघडलं आणि सासूचा चेहरा बघून मिटलं. मग मुकाट राजवर्धनच्या, म्हणजे नवऱ्याच्या शेजारी पाटावर बसली, देवाची तळी उचलली, कपाळभर भंडारा लावून घेतला. हात कापत होते. लोकांना वाटलं, भक्तीनं.

पुढच्या आठवड्यात सून बाजूला बसली नाही, तेव्हा सासूच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "देव पावला!" म्हणत त्यांनी गावभर बातमी केली. तेव्हा संस्कृतीच्या पोटात नुसता भीतीचा गोळा होता, दुसरं काही नाही. आता महिन्यानं पाळी आली की बिंग फुटणार, या धास्तीनं तिला अन्न गोड लागेना. आणि ती पाळी आलीच नाही. खरोखरच दिवस गेले होते.

"घाई नको," डॉक्टर सांगत होत्या. "आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघू."

"मेलेलं पोटात ठिवायचं व्हय?" विजयमालाबाईंचा आवाज चिरकला. "माझ्या नंदंची सून अशीच गेली, आत इष झालं तिच्या. ही पोर माझ्या हातची जाईल. आजच गोळ्या द्या बाई, मोकळी करा तिला."

त्या रडत होत्या. दुष्टपणानं बोलल्या असत्या तर संस्कृतीला सोपं गेलं असतं.

डॉक्टर थेट तिच्याकडे वळल्या. "तारीख पक्की आहे ना? पक्की असेल तर गोळ्या आजही देता येतील, सगळं तारखेवरच आहे."

बोललं तर देवाचं कार्य बाटवलं म्हणून भावकी तोंडात शेण घालणार, माहेरी धाडणार. नाही बोललं तर तो तीळ आजच जाणार. आणि बोलूनही तो मेलेलाच निघाला तर? देवानं शिक्षा म्हणूनच नेला असेल तर? मग दोन्हीकडून गेली.

"न्हाय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तीन आठवड्यांनी परत आली हुती, जागरणाच्या दिशी. सकाळी."

सासूकडे बघायची तिची छाती झाली नाही.

डॉक्टरांनी पुन्हा हिशेब केला, पुन्हा यंत्र फिरवलं. "मग हे त्याच्या वयाच्या मानानं बरोबर आहे. ठोका अजून सुरू व्हायचा असेल. गोळ्या अजिबात नाहीत. दहा दिवसांनी या. पण आज मी कसलीच खात्री देत नाही."

त्या दहा दिवसांत विजयमालाबाई सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत. राजवर्धनलाही काही सांगितलं नाही. संस्कृती मोरीत गेली की आधी लाल डाग दिसतोय का बघायची, मग श्वास सोडायची. बोलणी खाल्ली असती तर बरं, असं तिला वाटायला लागलं. एवढ्या अबोल्यात तो तीळ जगणार तरी कसा?

दुसऱ्या खेपेला तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही, डोळे गच्च मिटून घेतले.

"उघडा डोळे," डॉक्टर म्हणाल्या.

ठिपका आता हरभऱ्याएवढा झाला होता आणि त्याच्या मधोमध काहीतरी भराभरा लुकलुकत होतं.

"हेच काळीज?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"हेच. चालू झालंय."

डॉक्टर कागद आणायला बाहेर गेल्या. विजयमालाबाई पडद्यापाशी खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. "मी गोळ्या मागत हुते," त्या हळू म्हणाल्या. "ह्याच तोंडानं." मग सुनेकडे वळल्या. "तवाच का न्हाय सांगितलंस गं? देवाला भ्यालीस?"

आता खोटं बोलायचं त्राण संस्कृतीत उरलं नव्हतं.

"न्हाय आत्या," ती म्हणाली. "तुमाला."

विजयमालाबाईंनी पदर हातात घेतला आणि सुनेच्या पोटावरचा तो चिकट लेप पुसायला लागल्या.