शेपूचं दुकान

माझ्या हातची बिर्याणी खायला माझ्या नवऱ्याचे, रियाजचे, मित्र पार इंदुरीहून कामशेतला येतात. नणंद दरवेळी माझा मसाला डब्यात भरून नेते. आणि माझी स्वतःची चार वर्षांची पोरगी, आयरा, माझं ताट दिसलं की ओठ घट्ट मिटून घेते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण परवा अंगणवाडीत मुलांची वजनं झाली. आयराचा आकडा लिहिताना सेविकाबाई म्हणाल्या, "थोडी कमी भरतेय हो. घरी खात नाही का? इथे तर शेपू मागून खाते."

शेपू! आमच्याकडे शेपू शिजायला लागला की ही उशीत तोंड खुपसते.

"कोण खाऊ घालतं तिला?" मी विचारलं.

सेविकाबाईंनी शेगडीकडे हात केला. तिथे मदतनीस कस्तुराबाई पातेलं घासत बसली होती. मूळची आंदर मावळातली, पदर खोचलेला, तोंडभर हसू. "आवं शहनाजताई, मी कुटं काय करती?" ती म्हणाली. "खेळतो आमी. खेळता खेळता खात्यात पोरं."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी दोन तास ओट्याशी उभी राहून रांधते, पोरीमागे घास घेऊन घरभर फिरते, आणि ही बाई म्हणते खेळतो. दुसऱ्या दिवशी आयराला सोडून मी घरी गेलेच नाही. खिडकीशी उभी राहिले.

जेवणाच्या वेळी मुलं गोल करून बसली. प्रत्येकासमोर वर्तमानपत्राचा कागद, त्यावर वाटी. कुणाची मटकी, कुणाची गाजरं. आयरासमोर शेपूची भाजी. कस्तुराबाई ओंजळीत चिंचोके घेऊन गिऱ्हाईक झाली होती.

"या या, ताजा माल!" माझी पोरगी मांडी ठोकून ओरडली.

"आदी चव बगू द्या." कस्तुराबाईनं चिमूटभर भाजी तोंडात टाकली, डोळे मिटून चावली. "आता तुमी बी खाऊन दावा, शेठ. मालकच खात न्हाई त्यो माल आमी न्हेत न्हाई."

आयरानं मूठभर शेपू तोंडात कोंबला.

हे सगळं मी ओळखलं. आमचं तांदळाचं दुकान आहे. गिऱ्हाईक दोन दाणे दाताखाली धरतं, मूठभर इंद्रायणी नाकाशी नेतं, आणि रियाजही त्याच पोत्यातले दाणे चावून दाखवतो. आयरा गल्ल्यामागे बसून हेच बघत आलीय. खेळ आमच्या दुकानातला आणि कौतुक कस्तुराबाईचं! वर अंगणवाडी सुटताना आयरा तिच्या गळ्यात पडली. मला त्या बाईचा हेवा वाटला, साधासुधा नाही, पोटात दुखेल असा. नऊ महिने मी वाहिलं होतं हिला.

त्याच संध्याकाळी मी हॉलमध्ये कागद अंथरला. रियाजकडून जुनं पितळी माप मागून घेतलं, त्यात मूगडाळ घातलेला शेपू भरला. अंगणवाडीत वाटी तर आमच्याकडे खरं माप, बघू आता कोण जिंकतं ते. आयरा उड्या मारत दुकानात बसली.

"या या, ताजा शेपू!"

"बांधून द्या पावशेर," मी म्हणाले. माझा एक कान कुकरच्या शिट्टीकडे होता.

"आधी चव बघ."

"नंतर खाते गं राणी. तू खाऊन दाखव ना."

आयरानं चमचा खाली ठेवला. "तू नाही खात."

"अगं, मी नंतर..."

"तू शेपू कधीच नाही खात. तू लोणचं-भात खातेस. तिकडे उभी राहून." तिनं ओट्याकडे बोट दाखवलं आणि माप कागदावर उपडं केलं. "दुकान बंद."

दारात रियाज हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चप्पल घालून बाहेर गेला.

पण पोरगी खोटं बोलत नव्हती. मला लहानपणापासून शेपू आवडत नाही. त्यातलं मीठसुद्धा मी रियाजला चाखायला लावते. चार वर्षांत मी तिच्याबरोबर ताट घेऊन एकदाही बसले नव्हते. कस्तुराबाई बसते, जमिनीवर, मुलांच्यात, आणि तेच खाते. हे कळल्यावर त्या बाईचा मला आणखीच राग आला, कारण चूक माझी होती.

मी गॅस बंद केला. खाली मांडी घातली, सांडलेला शेपू मापात भरला आणि एक घास तोंडात घातला. वास डोक्यात गेला. डोळ्यांत पाणी आलं तरी तोंड वाकडं केलं नाही. आयरा माझ्या गळ्याकडे बघत होती, घास खाली उतरेपर्यंत.

"माल चांगला आहे, शेठ," मी कसंबसं म्हणाले. "आता तुम्ही."

तिनं मूठ भरली, खाल्ली, विचार केला.

"कस्तुराआजीच्या मालात लसूण जास्त असतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण समोरच्या दुकानाचं नाव निघालं म्हणून रियाज कधी भांडत नाही, तो आणखी एक मूठ पुढे करतो. मीही माप तिच्याकडे सरकवलं. तिनं दुसरा घास घेतला, चावून गिळला आणि माप माझ्याकडे ढकललं.

"आता तू."